रफ, स्मूद, शार्प, टची : इंग्रजी माणसाचा स्वभाव कातडीवरून का ओळखते?

उंबरठा:
सध्या एका कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनाचे इंग्रजी शेरे मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. कुणी 'अब्रेसिव्ह' आहे, कुणाचं काम 'स्मूद' चाललंय, कुणाला वर्षाच्या मध्यात 'रफ पॅच' आला. एकीला 'सॉफ्ट स्किल्स' वाढवायला सांगितलंय, दुसऱ्याला कातडी जाड कर म्हणून. एक विषय 'टची' म्हणून टाळलाय. शेरे माणसांवरचे, पण विशेषणं सगळी सुतारानं फळीवरून हात फिरवून लिहिल्यासारखी.

माझं मत असं: तान्ह्या बाळाला जग आधी अंगाला कळतं. भाषेनंही तेच केलं असणार. आधी खरखरीत, गुळगुळीत, बोथट, ऊन, गार यांना नावं दिली आणि मग तीच नावं माणसांना, प्रसंगांना, बोलण्याला चिकटवली. पण मग स्पर्शच इतका का? वासाचे शब्द का नाहीत एवढे? आणि हा एकट्या इंग्रजीचा शौक आहे का? मराठीची उदाहरणं चालतील, पण गाडी इंग्रजीवर ठेवू या.

खारी बिस्कीट:
पहिला नंबर! 'रफ वही' राहिली. आमची गणिताची रफ वही वर्षअखेरीस घरातली सगळ्यात गुळगुळीत वस्तू असायची, कारण उघडलेलीच नसायची.

बोस्टनकर:
मस्त धागा. इथे कचेरीत रोज कानावर पडणारी गंमत सांगतो. 'शी इज शार्प' हे कौतुक, 'शी वॉज शार्प विथ मी' ही तक्रार. 'ही इज कूल' म्हणजे आपला माणूस, 'ही वॉज कूल टुवर्ड्स मी' म्हणजे त्यानं तोंड फिरवलं. शब्द तोच, पुढचं शेपूट बदललं की अर्थ उलटा. नव्यानं आलेली आपली मुलं यात हमखास अडकतात. साहेब 'लेट मी बी ब्लंट' म्हणाला की खुर्चीला घट्ट धरून बसायचं. बोथट म्हणजे न लागणारं, असं आपल्याला वाटतं. इथे बोथट म्हणजे दगडासारखं डोक्यात घातलेलं.

मुळाक्षरे:
उंबरठाताई, 'आधी कातडी, मग मन' हे दिसायला सरळ आहे, पण इंग्रजीचा इतिहास इतका आज्ञाधारक नाही. तीन शब्द घ्या.

'सॉफ्ट'. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ शांत, सौम्य, सुखाचा असा होता. दाबलं की दबणारी वस्तू हा अर्थ साधारण १२००च्या सुमाराला दिसू लागतो. म्हणजे मऊ स्वभाव आधी, मऊ उशी नंतर.

'कीन'. मुळात शूर, उग्र, शहाणा. जर्मन भाषेत याचा भाऊ 'क्यून' अजूनही धाडसी असाच आहे. इंग्रजीत तो माणसावरून तलवारीवर गेला, धारदार झाला आणि परत माणसाकडे येऊन 'उत्सुक' झाला.

'डल'. आधी मंदबुद्धी, मग बोथट सुरी. आज आपल्याला वाटतं की सुरीवरून माणसाला नाव पडलं. नोंदी उलटं सांगतात.

आणि 'शार्प' तर जुन्या इंग्रजीतच धारेला आणि बुद्धीला एकाच वेळी वापरलेला आहे. त्यात आधी कोण, ते कोशातून ठरत नाही.

उंबरठा:
मुळाक्षरे, भारी माहिती. 'सॉफ्ट'चं वाचून उडालेच. पण हे तीन-चार शब्द बाजूला काढले तरी ढीग माझ्याच बाजूला आहे ना? रफ म्हणजे केसाळ, खरबरीत, हार्श तसाच. ग्लिब म्हणजे आधी निसरडा, मग बोलघेवडा. यातलं कुठलं मनाकडून कातडीकडे गेलं?

मुळाक्षरे:
ढीग तुमचा, मान्य. त्या ढिगात आणखी घालतो, कारण निम्मा ढीग लॅटिनच्या गोणपाटाखाली झाकलेला आहे. 'एग्झॅस्परेट'मध्ये आस्पेर आहे, म्हणजे खरखरीत. कुणी तुम्हाला एग्झॅस्परेट केलं, वैतागवलं, म्हणजे तुमचा पृष्ठभाग खरवडला. 'लीनियंट', म्हणजे फार कडक न वागणारा, तो लेनिस म्हणजे मऊ यावरून. 'पॉइनंट' आणि 'पंजंट' दोघांच्या मुळाशी पुंगेरे, टोचणे. एक काळजात टोचतं, दुसरं नाकात. 'टॅक्ट' म्हणजे सरळसरळ स्पर्श. लोकांशी बेतानं वागण्याचा अर्थ त्याला फ्रेंचमार्गे १८००च्या आसपास मिळाला.

सगळ्यात आवडता 'थ्रिल'. जुन्या इंग्रजीत 'थिर्ल' म्हणजे भोक. नाकाचं भोक ते 'नॉस्ट्रिल', त्यातलं 'ट्रिल' हेच. थ्रिल होणं म्हणजे आरपार भोक पडणं. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्याचा अंगावर काटा आणणारा अर्थ रुळला.

आणि तुमचा तो 'टची'. तो बहुधा 'टेची' म्हणजे चिडका या शब्दाचं बिघडलेलं रूप आहे. लोकांना त्यात 'टच' ऐकू आला आणि त्यांनी तो स्पर्शाच्या खात्यात जमा केला. म्हणजे शब्द स्पर्शाचा नसला तर ओढून तिकडे नेण्याइतकी इंग्रजीला ही सवय लागलेली.

खारी बिस्कीट:
आता थ्रिलर सिनेमाची जाहिरात आली की मला नाकपुड्याच दिसणार. धन्यवाद.

खडूस काका:
एवढं खोलात कशाला? थंडीनं कुडकुडणारा देश. त्यांना ऊब म्हणजे प्रेम, 'वॉर्म वेलकम', 'वॉर्म पर्सन'. आपण उन्हात भाजतो, म्हणून आपल्याकडे डोकं थंड ठेव, जिवाला गारवा, सावली धर. ज्ञानोबांनी पसायदानात सूर्य मागितला तोही तापहीन. हवामानाचा विषय आहे, कोश कशाला उघडताय. (हलके घ्या.)

जाईजुई:
काका, मग 'मायेची ऊब' कुठून आली? गोधडीत शिरल्यावर कोणत्या आईच्या लेकराला गारवा हवा असतो? आणि इंग्रजीतही 'हॉट-हेडेड' वाईट, 'कूल-हेडेड' चांगला. दोन्हीकडे दोन्ही आहे. राग गरम, माया कोमट, तिऱ्हाईतपणा गार. कमीजास्त होतं ते प्रमाण.

शिवाय 'हलके घ्या' लिहिताना तुम्ही स्वतःच स्पर्शाचा शब्द वापरलात. :)

आकडेमोड:
जाईजुईंना दुजोरा. सॉलोमन अॅश नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९४६ मध्ये त्यांनी लोकांना एका काल्पनिक माणसाच्या गुणांची यादी दिली: हुशार, कष्टाळू, व्यवहारी वगैरे. अर्ध्यांच्या यादीत मध्ये 'वॉर्म' हा शब्द, अर्ध्यांच्या यादीत त्या जागी 'कोल्ड'. बाकी सगळं सारखं. तेवढ्या एका शब्दानं लोकांनी उभं केलेलं माणसाचं चित्रच पालटलं. 'वॉर्म' वाल्यांना तो उदार, हसरा वाटला. 'पोलाइट' आणि 'ब्लंट' ही जोडी घालून पाहिली तर एवढा फरक पडला नाही.

नंतर १९५५ मध्ये त्यांनी एकमेकांशी नातं नसलेल्या भाषा तपासल्या. त्यात मल्याळमही होती. ऊन-गार, कठीण-मऊ, सरळ-वाकडा हे शब्द माणसांच्या स्वभावाला सगळीकडे लावलेले सापडले. अर्थ मात्र प्रत्येक वेळी जुळले नाहीत. 'गरम' कुठे रागीट, कुठे उत्साही. तेव्हा काका, केरळात बर्फ पडत नाही.

खडूस काका:
केरळात बर्फ पडत नाही, पण गरम म्हणजे प्रेमळ हे तिथेही नसेल तर माझाच मुद्दा झाला की.

त्वचेकरी:
(व्यवसायानं कातडीचा डॉक्टर, म्हणून राहवलं नाही.) 'हॉट'बद्दल एक. इंग्रज मिरचीला 'हॉट' म्हणतो हे रूपक आहे असं बहुतेक समजतात. ते जवळजवळ शब्दशः आहे. मिरचीतलं कॅप्सेइसिन मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, आणि ही ग्राही एरवी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडते. मेंदूकडे निरोप जातो तो भाजल्याचाच. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ती शोधली. पुदिन्याच्या मेंथॉलसाठी थंडीची वेगळी ग्राही आहे. २०२१चं वैद्यकाचं नोबेल ज्युलियस आणि दाबाची ग्राही शोधणारे आर्डेम पॅटापूटियन यांना मिळून होतं. म्हणजे ऊन, गार, दाब या तिघांचा सत्कार एकाच दिवशी.

आपण त्याच मिरचीला तिखट म्हणतो. तिखट म्हणजे तीक्ष्ण, धारेचं. इंग्रजाला भाजलं, आपल्याला टोचलं.

बोस्टनकर:
इथे हॉटेलात 'हॉट' म्हटलं की वेटर हमखास विचारतो, 'टेंपरेचर हॉट की स्पायसी हॉट?' आता त्याला सांगतो, माझ्या मज्जातंतूंना फरक कळत नाही.

विणकर:
बरेच दिवसांनी लिहितोय. इचलकरंजीत आमचा मागांचा धंदा, आधी आजोबांचा. कापडाचा व्यापारी कापड बघतो म्हणजे डोळ्यांनी नाही बघत. काठ चिमटीत धरतो, अंगठ्यानं दोनदा चोळतो, मुठीत चुरगाळून सोडतो आणि घडी किती पडली ते पाहतो. इंग्रज कापडवाले या गुणाला चक्क 'हँड' म्हणतात. 'द क्लॉथ हॅज अ गुड हँड'. मोजायची यंत्रं आली, तरी सौदा चिमटीवरच होतो.

तर इंग्रजीतले हे शब्द सुताराकडून आले असतील तेवढेच, किंवा जास्त, विणकराकडून आलेत. 'कोर्स' घ्या. अभ्यासक्रमाचा कोर्स आणि जाडाभरडा कोर्स हे बहुधा मुळात एकच. सर्वसाधारण, चालू मालाला 'ऑफ कोर्स' प्रकारचा माल म्हणत. तो शब्द कापडाला चिकटला, कापडाचं जाडंभरडंपण त्याला लागलं, मग असभ्य बोलणं 'कोर्स लँग्वेज' झालं. मुळाक्षरे म्हणतात तसा हा शब्द बाहेरून कातडीवर आला आणि परत बाहेर गेला.

'टीझ' म्हणजे लोकर पिंजणं, तंतू ओढून सुटे करणं. त्यावरून टीझल हे झाड. त्याची वाळलेली काटेरी बोंडं चौकटीत बसवून ओल्या लोकरी कापडावरून ओढायची. तंतूंची टोकं वर येतात, लव उभी राहते, मग ती कातरायची. लोखंडी काट्यांपेक्षा बोंडं बरी, कारण कुठे गाठ आडवी आली तर बोंडाचा काटा मोडतो. लोखंड कापड फाडतं. माणसाला 'टीझ' करणं हे त्यातूनच: बारीक बारीक ओढत राहायचं. कापड फाटलं की मग ते टीझ राहत नाही.

'हेकल' म्हणजे तागासारख्या फ्लॅक्सचे धागे विंचरायची दातेरी फणी. सभेत वक्त्याला हेकल करतात, मध्येच ओरडून हैराण करतात, म्हणजे त्याच्यातून फणी फिरवतात. 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे धुतलेलं कापड आटू नये म्हणून ज्या आकड्यांवर ताणून वाळवत, त्या आकड्यांवर टांगलेला जीव. आणि 'शॉडी'! जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा काढलेलं सूत. यॉर्कशरमधल्या बॅटलीत १८१३ च्या सुमाराला सुरू झालं. आधी ते मालाचं नाव होतं, अमेरिकेच्या यादवी युद्धात असल्या कापडाच्या गणवेशांवरून बोंब झाली आणि नावाची शिवी झाली, शॉडी म्हणजे निकृष्ट. आपल्या पानिपतात आजही शॉडीचं सूत निघतं, ब्लँकेटं होतात, आणि तिथे तो शब्द शिवी नाही, धंदा आहे.

जाईजुई:
विणकरदादा, 'कापड फाटलं की ते टीझ राहत नाही' हे शाळेच्या भिंतीवर लावायला हवं. रॅगिंगवरची अख्खी समिती इतकं नेमकं लिहीत नाही.

उंबरठा:
विणकर, अप्रतिम प्रतिसाद. वेगळा धागा काढाच.

तीव्र मध्यम:
माझी पण एक काडी. आपल्याकडे रे, ग, ध, नी हे स्वर कोमल होतात, म्हणजे थोडे उतरतात. कोमल म्हणजे हाताला कोमल, तोच शब्द. युरोपातही हेच झालंय. मध्ययुगीन युरोपात 'बी' हा स्वर दोन प्रकारे लिहीत. उतरलेला तो गोल पोटाचा, 'बी मोले', म्हणजे मऊ बी. न उतरलेला तो चौकोनी, 'बी दुरुम', म्हणजे कठीण बी. फ्रेंचमध्ये उतरलेल्या स्वराला आजही 'बेमोल' म्हणतात. जर्मन लोक मेजर-मायनरला 'डूर' आणि 'मोल' म्हणतात, म्हणजे कठीण आणि मऊ. इंग्रजांनी तेवढं 'शार्प' आणि 'फ्लॅट' केलं, तरी शार्प आहेच हाताचा.

व्याकरणात तर शाळेपासून पाठ आहे: क-ख कठोर, ग-घ मृदू. इंग्रजीत 'हार्ड जी' आणि 'सॉफ्ट जी'. आणि क पासून म पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना आपण म्हणतोच मुळी स्पर्श व्यंजनं.

संपादक मंडळ:
संगीत, मिरची आणि पानिपत झालं. कृपया मूळ विषयावर या. गाडी टँजंटवर चालली आहे.

मुळाक्षरे:
संपादक, टँजंट म्हणजे तांगेरे, स्पर्श करणे. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवून जाणारी रेषा. मराठी भूमितीत तिला स्पर्शिका म्हणतात. तेव्हा आम्ही काटेकोरपणे विषयातच आहोत.

खारी बिस्कीट:
दहावीला स्पर्शिकेचं प्रमेय पाठ केलं होतं ते आज कामी आलं.

आकडेमोड:
विषयावर येतो, जरा थंड पाणी घेऊन. या रूपकांवर प्रयोगशाळेतले बरेच चमकदार प्रयोग फिरतात. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला गरम कॉफीचा प्रयोग प्रसिद्ध आहे: हातात थोडा वेळ गरम कप धरलेल्यांना समोरचा माणूस जास्त 'वॉर्म' वाटला म्हणे, बर्फाळ कॉफीवाल्यांना कमी. व्याख्यानांतून आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून हे अजून सांगतात. नंतर इतरांनी बरीच जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला तेव्हा परिणाम हाती लागला नाही. २०१०चा दुसरा एक: जड क्लिपबोर्डवर अर्ज वाचणाऱ्यांना उमेदवार जास्त वजनदार वाटला. यावरही मी फार विसंबणार नाही.

मला त्यापेक्षा २०१२चा एमरी विद्यापीठातला मेंदूच्या प्रतिमांचा अभ्यास गंभीरपणे घ्यावासा वाटतो. लोकांना 'शी हॅड अ रफ डे' आणि 'शी हॅड अ बॅड डे' अशा जोड्या ऐकवल्या. पोताचा शब्द असलेलं वाक्य ऐकताना मेंदूतला पोत ओळखणारा स्पर्शाचा भाग जास्त जागा झाला, साध्या वाक्याला नाही. माणसं मोजकीच होती, तरी दिशा रंजक आहे. 'रफ डे' ऐकताना हाताला काहीतरी थोडंसं लागतंय.

खडूस काका:
जड क्लिपबोर्डचा प्रयोग अमेरिकेत फसला असेल. आपल्याकडे फायलीवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही. नमुना मोठा, निष्कर्ष पक्का.

त्वचेकरी:
काका, दंडवत.

आकडेमोडांच्या शेवटच्या वाक्याला जोड. केसाळ त्वचेत निरोप सावकाश नेणारे एका जातीचे मज्जातंतू आहेत. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या गतीनं हलका हात फिरला की ते सर्वात जास्त बोलतात, म्हणजे पाठीवरून मायेनं हात फिरवायची साधारण गती. ते काय शिवलं हे फारसं सांगत नाहीत, बरं वाटतंय एवढंच सांगतात. स्पर्शात अशी दोन खाती आधीच आहेत, एक वस्तूचं आणि एक भावनेचं. मुळाक्षरेंचा 'सॉफ्ट' आधी 'सुखाचा' होता याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

उंबरठा:
हे पटलं. मग 'आधी कातडी की आधी मन' हा झगडाच ढिला पडतो, निदान मऊ-गरमपुरता. रफ आणि ग्लिब मी तरीही माझ्याकडेच ठेवते.

आता माझा राहिलेला प्रश्न: स्पर्शच का, वास का नाही?

मुळाक्षरे:
यावर जोसेफ विल्यम्स यांचा १९७६चा निबंध आहे, 'लँग्वेज' या नियतकालिकातला. त्यांनी एका इंद्रियाकडून दुसऱ्या इंद्रियाकडे गेलेली इंग्रजी विशेषणं तपासली. स्पर्शाचे शब्द चवीकडे जातात (शार्प चीज), रंगाकडे जातात (वॉर्म कलर्स), आवाजाकडे जातात (सॉफ्ट व्हॉइस, रफ व्हॉइस). चवीचे वासाकडे आणि आवाजाकडे. आवाज आणि रंग एकमेकांना उसने देतात, 'लाउड' रंग, 'ब्राइट' आवाज. पण रंगाचा किंवा आवाजाचा शब्द स्पर्शाकडे येत नाही. वासाकडून तर कुणीच काही घेत नाही. मुळात इंग्रजीत खास वासाची साधी विशेषणंच हाताच्या बोटांवर. ज्याच्याकडे भांडवल नाही तो उसनं काय देणार?

आव्हान म्हणून विचारतो: इंग्रजीत रंगाचा किंवा आवाजाचा शब्द स्पर्शाला लावलेला दाखवा. कवितेतला नको, बाजारातला हवा.

जाईजुई:
'डल पेन'?

मुळाक्षरे:
'डल' मुळात रंगाचा नाही, तो मंदबुद्धीवरून सुरीकडे आलेला वरच दिसतोय. बाद.

खडूस काका:
आव्हान स्वीकारलं. क्रिकेट! बॅटचा 'स्वीट स्पॉट'. चेंडू बरोबर तिथे बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत, बसल्याचंही कळत नाही, फक्त सीमारेषेकडे जाताना दिसतो. 'स्वीट' चवीचा, आणि जाणवतं हाताला. चवीकडून स्पर्शाकडे, तुमच्या विल्यम्सच्या उलट. त्याच खेळात स्लिपपुढे चेंडू पडावा म्हणून 'सॉफ्ट हँड्स'नं खेळतात, ते मात्र तुमच्या बाजूचं.

मुळाक्षरे:
काका, चांगलं उदाहरण. पण 'स्वीट' इंग्रजीत फार जुन्या काळापासून नुसता 'छान' या अर्थानंही वापरतात. स्वीट स्पॉट म्हणजे छान जागा, गोड जागा नव्हे. आणि मी रंग-आवाज मागितला होता, चव नाही.

बोस्टनकर:
बेसबॉलमध्येही स्वीट स्पॉट, टेनिसमध्येही. आणि तिथून चेंडू थोडा सरकला की हात जे झिणझिणतात त्याला म्हणतात 'स्टिंग'. चुकलं की स्पर्शाचा शब्द, बसलं की चवीचा. मी काकांना अर्धा गुण देतो.

खडूस काका:
अर्धा कसला? चेंडू माझ्या बॅटला लागलाय, मला कळतं कसं वाटलं ते. पूर्ण द्या, नाहीतर रंगाचा शब्द शोधून आणतो.

मुळाक्षरे:
आणा. सापडला की पूर्ण गुण. तोवर अर्धा.